समुद्रकाठाकडून शिकून भीमा-सीनेच्या काठी : गावातलं नेतृत्व गावातूनच उभं करण्याचा कार्यक्रम, पायरीपायरीनं

सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंच आहे. समुद्र कितीही चढला तरी होम मैदानावर लाटा येणार नाहीत. तरीही समुद्रकाठच्या गावांनी गेल्या पन्नास वर्षांत जे केलं ते भीमा-सीनेच्या काठच्या माणसांनी नीट बघावं, यासाठी हा लेख. १९०१ ते २०१८ या काळात जगाची सरासरी समुद्रपातळी सुमारे २० सेंटिमीटरनं वाढली. ज्या उष्णतेनं ती वाढली, तीच उष्णता हवेत जास्त बाष्प धरून ठेवते. तापमान एक अंशानं वाढलं की बाष्प साधारण सात टक्क्यांनी वाढतं, आणि मग पाऊस बेतानं न पडता एका रात्रीत कोसळतो. १४ ऑक्टोबर २०२० ला तो असाच कोसळला. पंढरपुरात कुंभार घाटाची भिंत पडून सहा जण गेले. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला असा पूर आला की लांबोटीजवळ पुण्याचा महामार्गच बंद पडला. याच जिल्ह्यात उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या वाड्या-वस्त्याही आहेत. वर्षाचा पाऊस जेमतेम साडेपाचशे मिलिमीटर, आणि त्यातला मोठा वाटा चार-सहा दिवसांत पडून जातो.

सरपंच, ग्रामपंचायत सदस्य, बचत गटाच्या अध्यक्ष, शिक्षक, एखाद्या संस्थेचे कार्यकर्ते, अशा गावात काही सुरू करू पाहणाऱ्या कुणालाही हा पायरीपायरीचा कार्यक्रम वापरता येईल. माझं म्हणणं एकच आहे : नेतृत्व विकासाचं शिबिर घेऊन पुढारी तयार होतात, गाव तयार होत नाही. गाव तयार करायचं तर नेमकी कामं नेमक्या माणसांच्या हाती द्यावी लागतात आणि त्या कामापुरता निर्णयाचा अधिकार आधीच लेखी द्यावा लागतो.

समुद्रकाठी काय घडलं

१९७० च्या भोला चक्रीवादळात आजच्या बांगलादेशात तीन लाखांवर माणसं गेली. त्यानंतर तिथं चक्रीवादळ पूर्वतयारी कार्यक्रम उभा राहिला. गावोगावच्या स्वयंसेवकांना भोंगे दिले, हातानं फिरवायचे सायरन दिले, आणि इशाऱ्याची पातळी कळावी म्हणून एक, दोन, तीन झेंड्यांची पद्धत ठरवली. आज त्यात ७६ हजारांच्या आसपास स्वयंसेवक आहेत आणि त्यातल्या निम्म्या बायका. सुरुवातीला तसं नव्हतं. १९९१ च्या वादळात मेलेल्यांमध्ये बायकांचं प्रमाण फार मोठं होतं. इशारा पुरुषाच्या कानावर पडायचा, घर सोडायचा निर्णय त्याचा, आणि निवाऱ्यात बायकांसाठी वेगळी सोय नसायची. निरोप सांगायला बाईच दारात आली तेव्हा हे बदलायला लागलं. सीनाकाठच्या कुठल्याही वस्तीला हे जसंच्या तसं लागू पडतं.

आपल्या जवळचं उदाहरणही आहे. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं लातूर-उस्मानाबादकडच्या बायकांना घरबांधणीच्या देखरेखीत उतरवलं. पुढं २००४ च्या त्सुनामीनंतर मराठवाड्यातल्या या बायका तमिळनाडूच्या किनाऱ्यावर गेल्या आणि तिथल्या बायकांशी बोलल्या. दोघींची भाषा वेगळी, संकट वेगळं, पण यादी कशी करायची, अधिकाऱ्यापुढं कसं बसायचं, हे सारखंच निघालं. कोकणात वेंगुर्ल्याला स्वामिनी बचत गटाच्या बायका मांडवी खाडीत कांदळवनाची सफर घडवतात. किनारा धरून ठेवणारं कांदळवन राखण्यात त्यांच्या घरचा पैसा गुंतला आहे, म्हणून ते राखलं जातं.

या सगळ्यातून मला एक गोष्ट सोलापूरसाठी फार कामाची वाटते. समुद्राचं संकट दोन वेगांनी येतं. वादळाची भरती काही तासांत येते. विहिरीत खारं पाणी शिरणं, किनारा झिजणं याला वर्षं लागतात. आपल्याकडंही तसंच आहे. पूर एका रात्रीचा, बोअरची खोली वाढत जाणं वीस वर्षांचं. पहिल्यासाठी दोन माणसांनी पाच मिनिटांत ठरवायचं असतं, दुसऱ्यासाठी अख्ख्या ग्रामसभेनं भांडून ठरवायचं असतं. एकाच समितीच्या गळ्यात दोन्ही घातलं की पुराच्या रात्री बैठक बोलावली जाते आणि उसाच्या पाण्याचा विषय कुणीतरी एकटाच निकाली काढतो.

पहिली पायरी : आपलं पाणी कुठून येतं ते शोधा

हे सोपं वाटतं, पण इथंच बहुतेक गावं चुकतात. भीमेचा पूर आणि सीनेचा पूर यांचा स्वभाव वेगळा आहे.

भीमाकाठी आपल्याकडं लख्ख ऊन असताना पूर येऊ शकतो, कारण पाऊस पडलेला असतो मावळात आणि पुण्याच्या घाटमाथ्यावर. ते पाणी दौंडवरून उजनीत येतं. उजनीची एकूण क्षमता ११७ टीएमसी (अब्ज घनफूट). त्यातले जवळपास ६४ टीएमसी मृतसाठा, म्हणजे तळाशी राखून ठेवलेलं पाणी. धरण भरत आलं की खाली सोडावंच लागतं. त्यात नीरेवरच्या वीर धरणाचं पाणी नरसिंहपूरच्या संगमावर भीमेला मिळतं. म्हणून माळशिरस, पंढरपूर, मंगळवेढ्याच्या काठच्या गावांनी फक्त उजनीचा आकडा बघून चालत नाही. दौंडचा विसर्ग, उजनीचा विसर्ग आणि वीरचा विसर्ग, तिन्ही बघायचे.

सीनेचं तसं नाही. ती अहिल्यानगरकडून येते, आणि करमाळा-परांड्याच्या हद्दीवरचं सीना-कोळेगाव, परांडा भागातले चांदणी आणि खासापुरी हे प्रकल्प भरून वाहू लागले की माढा, मोहोळ, उत्तर आणि दक्षिण सोलापूरला पाणी झटकन येतं. शिवाय मोहोळ तालुक्यात भोगावती येऊन मिळते. म्हणजे तुमचा इशारा शेजारच्या जिल्ह्यातल्या पावसात असतो. अक्कलकोटकरांनी बोरी-हरणा आणि कुरनूर धरण बघावं, सांगोला-मंगळवेढ्यानं माण.

एक हिशेब पाठ करून ठेवा. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर पाणी. ११,५७४ क्युसेकनं चोवीस तास पाणी सोडलं की एक टीएमसी होतं. पण खरं सांगायचं तर गावाला आकड्याचा उपयोग तेव्हाच होतो जेव्हा तो गावातल्या खुणेशी जोडला जातो. पंढरपुरात लोक ‘दगडी पूल पाण्याखाली गेला का’ असं विचारतात, क्युसेक विचारत नाहीत. तशी खूणवही प्रत्येक गावानं करावी. एका रकान्यात तारीख आणि धरणातून विसर्ग वाढवल्याची वेळ, दुसऱ्यात विसर्ग, तिसऱ्यात पाणी आपल्याकडं कुठवर आलं (मारुतीची पायरी, स्मशानभूमीचं शेड, अमक्याच्या विहिरीचा कठडा), चौथ्यात किती वाजता आलं. दोन पावसाळ्यांत तुमच्या गावाचा स्वतःचा अंदाज तयार होतो. धरणापासून आपल्यापर्यंत पाणी यायला किती तास लागतात हे कुठल्याही ॲपपेक्षा ही वही नेमकं सांगेल.

दुसरी पायरी : शिवारफेरी आणि नकाशा

एप्रिलमध्ये, सकाळी ऊन चढायच्या आत, पंधरा-वीस जणांनी गाव आणि नदीकाठ चालून काढायचा. सोबत चुना आणि लाल रंग. २०२० चं पाणी कुठं होतं, २०२५ चं कुठं होतं, जुन्या माणसांना आठवतं ते कुठं, तिथं भिंतीवर आणि विजेच्या खांबावर पट्टा मारायचा. वाद होतील, होऊ द्या.

कोल्हापुरी बंधारा असेल तर त्याच्यापाशी थांबाच. पावसाळ्याआधी दारं काढायची असतात आणि परतीच्या पावसानंतर टाकायची. ती अर्धी काढलेली, गंजलेली, किंवा चोरीला गेलेली असतात. दारं अडकून राहिली तर पूर आला की कचरा, झाडं अडकतात आणि पाणी बाजूच्या रानातून वाट काढतं, मातीसकट. दारं कुणी काढायची, ती ठेवायची कुठं, हे याच फेरीत लिहून घ्या.

नकाशा ग्रामपंचायतीच्या अंगणात रांगोळीनं काढा, मग त्याचा फोटो. कागदावर काढला की पेन ज्याच्या हातात त्याचंच गाव उमटतं. वस्त्या विसरू नका. सोलापुरात निम्मं गाव गावठाणात नसतंच, ते रानात वस्तीवर असतं. तांडे, वीटभट्टीवरची कुटुंबं, आणि ऑक्टोबरपासून कारखान्याच्या हंगामाला आलेल्या ऊसतोड कामगारांच्या नदीकाठच्या कोप्या, यांची नावं मतदारयादीत सापडत नाहीत. परतीच्या पावसाचा पूर आला की सगळ्यात आधी पाणी शिरतं ते त्यांच्यात.

तिसरी पायरी : माणसं निवडा

अर्ज मागवू नका. अर्ज भरणारे नेहमीचेच असतात. त्याऐवजी पाच-सहा ठिकाणी जाऊन (बचत गट, देवळाचा पार, तालीम, दूध संकलन केंद्र, समाजमंदिर) एकच प्रश्न विचारा : ‘रात्री दोन वाजता अडचण आली तर तुम्ही कुणाचं दार वाजवता?’ जी नावं तीन ठिकाणी परत येतात ती तुमची माणसं.

या यादीत बहुधा आशाताई असतात, अंगणवाडीच्या मावशी, वायरमन, एखादा जेसीबीवाला, किराणा दुकानदार, नदीत होडी घालणारे कोळी-भोई समाजातले लोक. पोहणाऱ्यांची आणि होडीवाल्यांची नावं सरकारी समित्यांमध्ये क्वचितच असतात. नदीचा भोवरा कुठं आहे हे त्यांनाच माहीत असतं.

पंधरा ते वीस जण पुरे. निम्म्या बायका हव्यात, आणि त्या स्वतः यायला हव्यात. महाराष्ट्रात पंचायतीत पन्नास टक्के आरक्षण आहे, तरी सरपंचबाईंच्या खुर्चीशेजारी त्यांचे ‘मालक’ बसलेले असतात हे आपण रोज बघतो. या गटात ती मुभा ठेवू नका. सखल भागातल्या वस्तीतले किमान तीन-चार जण हवेतच. गावात दोन गट असतील, आणि ते असतातच, तर दोन्हीकडचे घ्या आणि पहिल्याच बैठकीत सांगा की कारखान्याच्या निवडणुकीचं इथं बोलायचं नाही.

अक्कलकोट आणि दक्षिण सोलापुरात घरात कन्नड बोलणारी कुटुंबं पुष्कळ. तांड्यावर लमाणी. शहराच्या पूर्व भागात हाच कार्यक्रम करायचा तर तेलुगू आणि उर्दू लागेल. निरोप ज्या भाषेत माणूस घाबरतो त्याच भाषेत जायला हवा.

चौथी पायरी : कामं वाटा

हा या कार्यक्रमाचा गाभा. दिंडीत विणेकरी वेगळा, चोपदार वेगळा, पाण्याच्या टँकरचं बघणारा वेगळा. कुणी कुणाला विचारत बसत नाही. तसंच इथं. प्रत्येक कामाला दोन माणसं, म्हणजे एक गावाबाहेर असला तरी काम अडत नाही.

निरोपाचं काम : पंधरा-वीस घरांमागं एक जोडी, त्यात एक बाई. व्हॉट्सॲपवर टाकलं म्हणजे निरोप पोचला असं धरायचं नाही. टॉवरची बॅटरी पुराच्या रात्री संपते. देवळाचा किंवा मशिदीचा भोंगा, ग्रामपंचायतीची दवंडी, आणि शेवटी दार वाजवणं.

किल्लीचं काम : उंचावरच्या शाळेच्या खोल्यांची एक किल्ली गावात हवी. मुख्याध्यापक सोलापुरात राहतात आणि पूल बुडालेला असतो. त्यांच्याशी मे महिन्यातच बोलून घ्या.

मोटारींचं काम : याकडं मी मुद्दाम लक्ष वेधतो. पाणी वाढतंय म्हटल्यावर शेतकरी आधी नदीवरची मोटार काढायला धावतो, बहुतेक वेळा अंधारात आणि एकटा. नियम ठरवा : विसर्ग वाढल्याचा निरोप आला की दिवसाउजेडी, जोडीनं, डीपी बंद करून मोटारी काढायच्या. पाणी पहिल्या खुणेला लागल्यावर कुणीही नदीवर जायचं नाही. वायरमनला या गटात घेण्याचं कारण हेच.

रस्त्याचं काम : पुलावर पाणी आलं की दोन्ही बाजूंना दोर बांधायचा आणि तिथं माणूस उभा करायचा. ट्रॅक्टर जातो म्हणून बसवून नेणाऱ्याला थांबवण्याची हिंमत असलेला माणूस इथं लागतो. पैलवान असेल तर उत्तम.

यादीचं काम आशाताईंकडं : दिवस भरत आलेल्या गरोदर बायका, डायलिसिसवरचे, इन्सुलिन घेणारे, अंथरुणाला खिळलेले. ही यादी दर महिन्याला नवी करायची. या लोकांना सगळ्यांच्या आधी, पाणी येण्याची वाट न बघता हलवायचं.

जनावरांचं काम वेगळं ठेवा. माणसं घर सोडत नाहीत ती बऱ्याचदा दावणीच्या म्हशीसाठी. जनावरं कुठं न्यायची, तिथं वैरण आहे का, हे आधी ठरलं असेल तर माणूस लवकर निघतो. शेवटी काहीच जमलं नाही तर दावं तरी सोडायचं.

आणि एक जण नोंदीला. वही, पेन, चार्ज केलेला फोन. ११२, रुग्णवाहिकेचा १०८ आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ हे नंबर वहीच्या पहिल्या पानावर आणि शाळेच्या भिंतीवर.

पाचवी पायरी : प्रशिक्षण कधी आणि कसं

गावाचं पंचांग बघूनच तारखा धरा. जानेवारीत गड्डा यात्रा, फेब्रुवारी-मार्चमध्ये ज्वारीची काढणी, एप्रिल-मे लगीनसराई, आषाढीच्या सुमारास निम्मं गाव वारीच्या गडबडीत. आठवडी बाजाराचा दिवस बरा पडतो, कारण त्या दिवशी बऱ्याच ठिकाणी रान बंद असतं. मजुरीवर जाणाऱ्या बायकांना दुपारी तीन तास बसवायचं असेल तर त्यांची बुडालेली मजुरी द्या. चहा-बिस्किटांवर भागवून त्यांच्याकडून ‘सहभाग’ मागणं मला पटत नाही.

तीन दिवस सलग शिबिर घेऊ नका. चार वेगवेगळ्या दुपारी पुरतात. पहिल्या दुपारी खूणवही आणि क्युसेकचा हिशेब. साधं पर्जन्यमापक शाळेच्या मोकळ्या पटांगणात बसवा आणि सातवी-आठवीतल्या मुलांना रोज सकाळी साडेआठला मोजायला लावा. दुसऱ्या दुपारी प्रथमोपचार, बुडणाऱ्याला दोर किंवा रिकामा कॅन टाकून कसं ओढायचं (त्याच्यामागं उडी न मारता), सर्पदंशात काय करू नये. यासाठी तहसील कार्यालयाच्या आपत्ती विभागाकडं आपदा मित्रांची मागणी करता येते. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या योजनेतून प्रशिक्षण घेतलेले हे स्वयंसेवक असतात. तिसरी दुपार बोलण्याची : अधिकाऱ्याशी फोनवर तीन वाक्यांत काय सांगायचं, ग्रामसभेत विषय कसा मांडायचा. हा सराव बायकांनी पुरुषांसमोर करायचा. पहिल्यांदा हसतील, तिसऱ्यांदा हसणार नाहीत.

चौथी दुपार नव्हेच, संध्याकाळ. रंगीत तालीम. मेच्या अखेरीस, दिवस न सांगता. भोंगा वाजल्यापासून शेवटच्या वस्तीतलं शेवटचं माणूस शाळेत यायला किती वेळ लागला ते मोजा. पहिल्या वेळी गोंधळ होणारच : किल्ली सापडत नाही, एका गल्लीत निरोपच जात नाही, शाळेतल्या संडासाला कडी नसते. त्याच रात्री, लोक पांगायच्या आत, खाली बसून हे सगळं वहीत उतरवा आणि कडी कोण बसवणार त्याचं नाव लिहा.

सहावी पायरी : संथ संकट

पुराची तयारी लोकांना भावते, कारण त्यात धावपळ आहे. भूजलाचं काम कंटाळवाणं आहे आणि त्यात भाऊबंदांशी भांडण आहे. तरी सोलापूरसाठी मी याला जास्त वजन देईन.

गावातल्या दहा विहिरी निवडा, वेगवेगळ्या उतारांवरच्या. भूजल सर्वेक्षण यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर या महिन्यांत मोजते. तुम्हीही तेच महिने धरा, म्हणजे आकडे ताडून बघता येतील. टेप आणि वजन, एवढंच साहित्य. अटल भूजल योजनेत राज्यातल्या तेरा जिल्ह्यांत सोलापूर होता, त्यामुळं तुमच्या ग्रामपंचायतीच्या कपाटात जलसुरक्षा आराखडा पडलेला असण्याची शक्यता आहे. तो मागा. नवा करण्याआधी जुना वाचा.

गावाच्या पाण्याच्या ताळेबंदाचं गणित असं. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर. हजार हेक्टरच्या शिवारात साडेपाचशे मिलिमीटर पडला तर ५५० कोटी लिटर. ऐकायला चिकार वाटतं. पण त्यातलं बरंचसं उडून जातं, काही वाहून जातं, मुरतं थोडंच. आता खर्चाची बाजू : पाटानं दिलेल्या उसाला हेक्टरी दोन कोटी लिटर किंवा त्याहून जास्त, रब्बी ज्वारीला तीस-चाळीस लाख आणि तेही बरंचसं जमिनीतल्या ओलीवर. शंभर हेक्टर ऊस असला की दोनशे कोटी लिटर तिथंच गेले. हे फळ्यावर, सगळ्यांसमोर, गावाच्याच आकड्यांनी मांडा. बाहेरचा माणूस ‘ऊस कमी करा’ म्हणाला तर त्याला कुणी ऐकत नाही, आणि ऐकावं तरी का? तीसहून जास्त साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यात उसाला हमखास गिऱ्हाईक आहे, ज्वारीला नाही. पण गावाच्याच विहिरीचे चार वर्षांचे आकडे समोर असले की बोलणं निदान ठिबकपर्यंत, आणि पिण्याच्या पाण्याच्या विहिरीजवळ नवं बोअर न घेण्यापर्यंत येतं.

ताळेबंद सप्टेंबरअखेर करायचा, रब्बीच्या पेरणीचं मन ठरायच्या आत. डिसेंबरात केला तर तो फक्त अहवाल होतो.

श्रमांची आपल्याकडं कधीच वाण नव्हती. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांच्या श्रमांतून तळं उभं केलं. २०१७ ते २०१९ या वर्षांत पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेसाठी इथली गावं पहाटे टिकाव-फावडं घेऊन जात होती. चर खोदायला गाव एक होतं. साठलेलं पाणी कुणी किती उपसायचं यावर बोलणारं व्यासपीठ मात्र गावाला लागतं, आणि ते ग्रामसभेखेरीज दुसरं नाही.

सातवी पायरी : ठराव

तोंडी ठरलेलं पुराच्या रात्री टिकत नाही. ग्रामसभेची गणपूर्ती मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यातली जी संख्या कमी असेल ती. आधी महिला सभा घ्या, तिथं विषय पक्का करा आणि मग ग्रामसभेत आणा. ठरावाचा मसुदा साधारण असा :

‘ठराव क्र. __ : गावात पूर व टंचाई कृती गट स्थापन करण्यात येत आहे. गटातील सदस्यांची नावे व प्रत्येकाकडील काम सोबतच्या यादीत दिले आहे. नदीचे पाणी ‘__’ या खुणेस लागल्यास अथवा धरणातील विसर्ग __ क्युसेकपेक्षा जास्त झाल्याची सूचना मिळाल्यास, सखल भागातील कुटुंबे हलविण्याचा निर्णय गटातील कोणतेही दोन सदस्य घेतील. त्यासाठी स्वतंत्र परवानगीची गरज राहणार नाही. शाळेच्या दोन खोल्यांची एक किल्ली __ यांच्याकडे राहील. विहिरींच्या पाणीपातळीच्या नोंदी वर्षातून चार वेळा ग्रामसभेपुढे वाचल्या जातील. सूचक __, अनुमोदक __. सर्वानुमते मंजूर.’

‘कोणतेही दोन सदस्य’ हे शब्द कुणी बदलायला सांगेल. ‘सरपंचांच्या संमतीने’ असं घालायला सांगेल. मान्य करू नका. सरपंच मुंबईला गेलेले असताना पाणी येतं. ठरावाची प्रत तहसीलदार, पोलीस ठाणे आणि पाटबंधारे शाखेला देऊन पोच घ्या.

पैसा, आणि पूर ओसरल्यावर

या कार्यक्रमाला फार पैसा लागत नाही, आणि जास्त आला तर तो बिघडतो. दोर, टॉर्च, भोंगा, लाइफ जॅकेट, पर्जन्यमापक, मोजायचा टेप एवढं ग्रामपंचायतीच्या निधीतून आणि लोकवर्गणीतून होतं. पावती फळ्यावर लावा. टी-शर्टवर खर्च करू नका. छापलेल्या नावावरून वर्षभर भांडण चालतं.

पूर ओसरला की पहिल्या दिवशी आडातलं आणि टाकीतलं पाणी टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकून मगच वापरायचं. घर धुण्याआधी, गाळ काढण्याआधी फोटो काढायचे. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक (पदांची नावं सरकारनं बदलली, लोकांच्या तोंडी हीच आहेत) पंचनाम्याला येतील तेव्हा गटातला नोंदवाला सोबत फिरला पाहिजे. मेलेल्या जनावराचं शवविच्छेदन पुरण्याआधी व्हायला हवं. पीक गेलं आणि जमीन खरडून गेली ही दोन वेगळी नुकसानं आहेत, ती वेगळीच लिहून घ्यायची. नदीकाठच्या कित्येकांचं यातलं दुसरं नुकसान पंचनाम्यात येतच नाही, आणि पुढची दहा वर्षं तेच भोवतं. बटाईनं करणारा आणि कोपीत राहणारा यांच्याकडं सातबारा नसतो. त्यांच्यासाठी नोंदवहीतली पानं आणि फोटो हाच पुरावा.

दुसऱ्या वर्षी

गटातली एक तृतीयांश माणसं दर वर्षी बदला. बाहेर पडणाऱ्यानं आपल्या जागी येणाऱ्याला एक तालीम सोबत राहून दाखवायची, मग वही आणि किल्ली द्यायची. नदीच्या वरच्या अंगाच्या दोन आणि खालच्या अंगाच्या दोन गावांशी नंबरांची देवाणघेवाण करा. वरच्या गावातल्या एका माणसाचा फोन सरकारी निरोपाआधी येतो. कार्यक्रम सुरू करणारी संस्था किंवा कार्यकर्ता यांनी तिसऱ्या तालमीला जाऊ नये. ती त्यांच्यावाचून झाली का, एवढं नंतर फोन करून विचारावं, आणि नसेल झाली तर कुठल्या कामापाशी अडलं ते विचारून त्या कामाला दुसरी जोडी शोधावी.